‘कोलंबो’ या अमेरिकन गुन्हेतपासाच्या टीव्ही मालिकेत खुनी कोण हे सुरुवातीलाच दाखवतात, मग पुढे बघण्यासारखं काय उरतं?

बरंच काही उरतं. खून कोणी केला यापेक्षा खुनी पकडला कसा जाणार, हाच इथला प्रश्न असतो. १९६८ चा पहिला टीव्हीपट ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ घ्या. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्लेमिंग बायकोचा गळा आवळतो. त्याची प्रेयसी बायकोसारखा वेश करून त्याच्यासोबत विमानात चढते, सगळ्यांसमोर भांडते आणि उतरून जाते. म्हणजे तो मेक्सिकोतल्या अकापुल्कोला गेला तेव्हा बायको जिवंत होती, असं सगळ्यांना वाटावं. बेत अगदी चोख.

तरी तपास करणाऱ्या पोलीस अधिकारी कोलंबोला संशय येतो तो किती साध्या गोष्टीवरून! डॉक्टर परत येतो, कुलूप उघडून आत शिरतो, पण बायकोला हाक मारत नाही. आपण घरात पाऊल टाकताच "अगं, आलो गं" म्हणतोच ना? घरात कोणी नाही हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच गप्प राहील. मला हा धागा बोटांच्या ठशांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण तो माणसाच्या सवयीतून आलेला आहे.

आणि कोलंबो साकारणारा पीटर फॉक! या पहिल्या भागात तो पुढच्यापेक्षा बराच नीटनेटका दिसतो. चुरगळलेल्या रेनकोटातला गबाळा कोलंबो १९७१ पासूनच्या मालिकेत मुरत गेला. दारापर्यंत जाऊन मागे वळणं आणि "अजून एकच विचारायचं होतं" म्हणणं मात्र इथेही आहे. त्या क्षणी खुन्याचा चेहरा बघा.

सुरुवात याच भागापासून करा.