लाइन गेली तर गेम वाचतो का?

या वेळी व्हिडिओगेमचे तुमचे प्रश्न लय आले, जमतील तेवढे घेतले. आधी माझं सांगून देतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, साडेचार एकर कोरडवाहू अन् सोबत मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. घरी जुना पीएस फोर आहे, म्हणजे प्लेस्टेशन फोर, टीव्हीला लावून गेम खेळायचा डबा (अशा डब्याला कन्सोल म्हणतात), भाचा सुट्टीत आला की त्याचा पीएस फाइव्ह येतो, अन् माझा स्वतःचा म्हणजे निंटेंडो स्विच, ओएलईडी स्क्रीनवाला. गेम चांगला का वाईट हे मी पहिले एकाच गोष्टीवर पाहतो, अर्ध्यात सोडता येतो का. लाइन गेली, बाबांनी मोटार लावायला हाक मारली, दुकानात गिऱ्हाईक आलं, तर माझी मेहनत राहते की पाण्यात जाते? ग्राफिक्स-बिफिक्स मग पाहू.

भाऊ, कापूस विकून थोडे पैसे हातात आहेत. सेकंडहँड पीएस फोर घ्यावा की स्विच? लाइनचा भरवसा नाही, टीव्ही एकच अन् त्याच्यावर आईच्या मालिका. (कळंब तालुका)

आईच्या मालिका हे तुम्ही शेवटी लिहिलं पण उत्तर तिथंच आहे ना भाऊ. संध्याकाळी सात ते दहा तुम्हाला टीव्ही भेटणार नाही अन् दिवसा वावरातून फुरसत नाही, मग पीएस फोर खेळणार कधी? स्विच हातात धरून खेळता येतो, ओएलईडीची बॅटरी गेम पाहून साडेचार ते नऊ तास चालते असं कंपनी म्हणते, माझ्याकडं भारी गेमला पाचच्या आसपास जाते. अन् मधातच बटन दाबलं की झोपतो, परत दाबलं की जिथं होता तिथंच. पीएस फोरलाही असा झोपायचा रेस्ट मोड आहे पण त्यात गेम अडकवून ठेवला अन् लाइन गेली की सेव्ह केल्यानंतरचं जेवढं खेळलं तेवढं गेलं. घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टरवर लावा, अन् इन्व्हर्टरच्या मागं एक खटका असतो त्यानं यूपीएस मोडवर ठेवा, नॉर्मल मोडवर लाइन जाता-येता जो झटका बसतो त्यात कन्सोल बंद पडू शकतो. हा खटका लोकांना माहीतच नसतो, दुकानात रोज एक तरी जण येतो.

स्विचचं वाईटही ऐकून घ्या. आपल्या देशात कंपनी तो स्वतः विकत नाही, बाहेरून आणलेला असतो, म्हणून वॉरंटी म्हणजे दुकानदाराची जबान. गेमही महाग, जुने झाले तरी भाव उतरत नाही. पीएस फोरच्या डिस्क स्वस्तात भेटतात, खेळून झाली की दुसऱ्यासोबत बदलता येते, ते सुख स्विचमध्ये कमी. अन् नवीन स्विच टू चा विचार मनात असेल तर त्याच्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती चावी असते, गेम डाउनलोड करावा लागतो. आपल्या गावातल्या टॉवरवर पन्नास जीबी उतरवणं म्हणजे एक पंधरवडा, तव्हा डब्यावर काय लिहिलं ते वाचूनच घ्या.

स्टारड्यू व्हॅली लय चांगला म्हणतात. पण दिवसभर वावरात राबून रात्री पुन्हा डबड्यात शेतीच करायची का? डोकं फिरलं का लोकांचं? (सोयाबीनवाला, मेहकर)

मीही असंच म्हणत होतो. मग एका रात्री खेळून राहिलो होतो तं बाबांनी मागून डोकावलं, म्हणे हे काय पेरून राहिला? म्हटलं पार्सनिप. ते काय असते? गाजरासारखं, पण पांढरं. भाव काय? म्हटलं बी वीसला, माल पस्तीसला, चार दिवसांत. बाबा खुर्ची ओढून बसलेच.

त्या रात्री त्यांनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे मी स्वतः कधी विचारले नव्हते. उधारी कोणाकडं? उधारी नाहीच, सुरुवातीला पाचशे मोहरा हातात अन् गावचा प्रमुख पंधरा बिया फुकट ठेवून जातो. अडत किती? अडत नाही, माल पेटीत टाकायचा, रात्रीतून उचलतात, सकाळी पैसे जमा. काटा मारत नाही, ओल आहे म्हणून कटती नाही. टीव्हीवर उद्या पाऊस म्हटलं की उद्या पाऊस येतोच, हे ऐकून तं बाबांना हसूच आवरेना. पाणी द्यायचं राहिलं तर पीक मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही. मरतं ते ऋतू बदलला की, २८ दिवसांचा एक ऋतू असे चार, अन् ज्याचा हंगाम संपला ते सकाळी उठून पाहावं तं वाळलेलं. कावळे येतात, त्याला बुजगावणं लावायचं, त्याच्या चहूकडं आठ घरांपर्यंत कावळा फिरकत नाही. रोही नाही, डुक्कर नाही. शेवटी बाबा उठले, म्हणे, "हा गेम कोण्या शेतकऱ्यानं नाही बनवला."

खरंच नाही. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन पोरानं चार-साडेचार वर्षं एकट्यानं बसून बनवला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामिंग त्याचं, २०१६ ला आला. कापूस त्यात नाहीच, आपल्यासाठी तेवढी कमी आहे.

माझ्या मापानं त्यात एक खोट आहे, माणूस घरी जाऊन झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. पण तिथला अख्खा दिवस म्हणजे खरी चौदा मिनिटं, लाइन गेली तर जास्तीत जास्त तेवढीच जातात, तेवढं परवडते. अन् काहून खेळतो विचाराल तर, आपल्याकडं सगळं वेळेवर करा, फवारा, डवरणी, खत, अन् डिसेंबरात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी बसलेली. तिथं पीक तयार झालं की माल निघतोच. रात्री अर्धा तास तेवढं पाहिलं की मला झोप चांगली लागते. तुम्हाला नकोसं वाटत असेल तर नका खेळू, काही मारामारीचं घ्या.

एल्डन रिंगमध्ये मार्गिट मरत नाही. तीन आठवडे झाले. (बाभूळगाव)

मग त्याला सोडा ना. पहिला मोठा बॉस, म्हणजे दांडगा शत्रू, दिसला म्हणजे तोच पहिले मारायचा असं कोणी सांगितलं? खाली दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे तिकडं जा, लेव्हल वाढवा, हत्यार सुधारा, मदतीला आत्मे बोलावता येतात ते बोलावा, त्यात लाज कसली. मर्कवॉटर नावाच्या गुहेत पॅचेस म्हणून एक लबाड भेटतो, पाच हजार रुन्समध्ये (त्या गेमातले पैसे) तो मार्गिटची बेडी विकतो, लढताना ती वापरली की मार्गिट काही क्षण जमिनीला खिळतो. गेम २०२२ चा आहे पण पीएस फोरवर अजूनही मस्त चालतो. सारखा आपोआप सेव्ह होतो म्हणून लाइन गेली तरी लय नुकसान नाही. पण पॉज नाही लेकाच्यात. आई दळण आणायला सांगते अन् इकडं घोडेस्वार भाला घेऊन अंगावर, अशा वेळी मी दळणच निवडतो, घोडेस्वार कुठं जात नाही.

हरभऱ्याच्या जागलीवर रात्री गमत नाही. स्विचवर काय खेळावं? (आर्णीकडचा)

आधी माझी फजिती ऐका. मागच्या हिवाळ्यात जागलीवर टिअर्स ऑफ द किंगडम घेऊन बसलो, झेल्डा मालिकेतला, २०२३ चा. त्यातला हिरो लिंक, त्याच्या हाताला अशी करामत आहे की कोणतीही वस्तू उचलून दुसरीला चिकटवता येते, ओंडका, फळी, चाक, पंखा, म्हणजे आपला जुगाड पण जपानी. नदीवर पूल करायचा होता. सरळ रस्ता असेल पण मला पूलच पाहिजे. ओंडक्याला ओंडका लावत गेलो, एकदा वाकडा झाला, मोडला, परत लावला, कानात हेडफोन, अंगावर घोंगडी, शेकोटी विझलेली. डुकरं कधी आली अन् हरभऱ्याच्या चार तासा उकरून कधी गेली मला पत्ताच नाही. सकाळी बाबांनी धुऱ्यावरून पाहिलं अन् विचारलं, "काय करून राहिला होता रे?" मी खोटं बोललो नाही, म्हटलं पूल बांधून राहिलो होतो. "मंग जाय आता त्या पुलावून तिकडंच."

तव्हापासून जागलीवर हेडफोन बंद, आवाजही बंद. उजेड अगदी कमी ठेवतो, एक तर किडे येतात अन् दुसरं म्हणजे स्क्रीनकडून नजर उचलली की दोन-तीन मिनिटं अंधारात काही दिसत नाही, तेवढ्यात डुक्कर आपलं काम करून जाते. झेल्डा तिथं नेत नाही. गेम वाईट आहे म्हणून नाही, मी एवढ्यात खेळलेल्यातला सगळ्यात चांगला तोच, पण तो माणसाला सोडत नाही.

जागलीसाठी हेडीस घ्या. पाताळाच्या राजाचा पोरगा बापाचं घर सोडून पळून जायला पाहतो, मरतो, परत घरीच उगवतो, अन् दर वेळी घरचे काहीतरी नवीन बोलतात. मेलं तरी गोष्ट पुढं सरकते म्हणून राग येत नाही. एक खेप अर्ध्या तासाची, अन् मधात बंद केला तर त्याच खोलीच्या सुरुवातीपासून परत चालू. दर खोली संपली की मान वर करून बॅटरी फिरवायची, असा मी नियमच केला आहे. त्याचा दुसरा भाग २०२५ च्या सप्टेंबरात पूर्ण होऊन आला, मोठा आहे, सामान लय आहे त्यात, जडीबुटी जमा करा, कढईत शिजवा, पण मला पहिलाच नेटका वाटला.

माह्या पोट्टा दिवसभर त्या डब्यावर पत्ते खेळते. बालाट्रो का काय म्हणते. हा जुगार होय का? मले खरं सांगा. (एक आई, दिग्रस)

काकू, खरं सांगतो, पैसे लागत नाहीत. गेम एकदा विकत घेतला की झालं, आत जे चिप्स दिसतात ते नुसते गुण आहेत, ना टाकता येत ना काढता येत. पत्त्यांच्या जोड्या लावायच्या, अन् दीडशे प्रकारचे जोकर आहेत ते गुणांचा गुणाकार वाढवतात, म्हणजे तुमचा पोट्टा पाढे म्हणून राहिला असं समजा. युरोपात गेमवर वयाचा शिक्का मारणारी पेगी म्हणून संस्था आहे, त्यांनाही पत्ते पाहून तुमच्यासारखीच शंका आली होती, पहिले अठरा वर्षांचा शिक्का मारला अन् मग २०२५ मध्ये बारावर आणला. मोबाइलवरची पैसे लावायची रमी वेगळी, ती तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंदच केली. फोनमध्ये तसलं काही आहे का तेवढं एकदा पाहून घ्या.

पण दिवसभर खेळतो ते काही बरं नाही. हा गेम कधीही बंद केला तरी जिथला तिथं राहतो, म्हणून "आई, एवढा डाव संपू दे" हे त्याचं काही ऐकू नका.

टिनाचं घर आहे. मे महिन्यात पीएस फोर हेलिकॉप्टरसारखा आवाज करते. कुलरसमोर ठेवू का? (चंद्रपूर जिल्हा)

नका ठेवू. कुलरची हवा ओली, त्यात पाण्याचे तुषार, ते आत गेले की बोर्डाला गंज. कन्सोल ३५ अंशांपर्यंत चालवा असं कंपन्याच लिहितात अन् तुमच्याकडं पारा ४५ च्या वर, म्हणजे दुपारचं खेळणं विसरा. पहाटे पाच ते आठ खेळा, हवा थंड असते अन् घरचे झोपलेले. शोकेसमध्ये काचेमागं ठेवू नका, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या कन्सोलात पंख्याला रुईचा थर असतो, जिनिंगजवळच्या घरातला तर सरळ उशीत भरावा एवढा. ब्लोअर मारताना प्लग काढा अन् पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

धुळीवरूनच आठवलं, कंट्रोलरची काडी सोडली तरी माणूस आपोआप एकीकडं चालतो अशी तक्रार चौघांची आहे. काडीच्या आत कार्बनची पट्टी असते ती घासते. स्प्रेनं थोडे दिवस भागते. बदलताना चुंबकावर चालणारी हॉल इफेक्टवाली काडी मागा, तिच्यात घासायला काही नसतेच.

आपल्या देशातला एखादा गेम कन्सोलवर आहे का, का सगळं जपान-अमेरिका? (वरुड)

राजी आहे, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० मध्ये पहिले स्विचवरच आला. सर्कशीतली पोरगी आपल्या भावाला, गोलूला, असुरांपासून सोडवायला निघते अन् गोष्ट सांगतात दुर्गा अन् विष्णू. नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही टाकला. दिसायला इतका देखणा की मी भिंतीवरची चित्रं पाहत उभा राहायचो. मारामारी थोडी आखडलेली वाटते अन् चार-पाच तासांत संपतो, शेवट तर असा तुटतो की मला वाटलं लाइन गेली.

पुढचा गेम इकडं करा म्हणावं कोणीतरी. लोणारला उल्केनं पाडलेलं सरोवर आहे, लोणासुर आहे, त्याला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर तिथंच आहे. बॉस, मैदान, गोष्ट सगळं तयार.

लहानपणी व्हिडिओगेमची कॅसेट चालली नाही की फुंकर मारायचो. त्यानं खरंच चालायची का? (धामणगाव)

फुंकरीनं नाही, काढून परत लावल्यानं चालायची. पिना नीट बसायच्या. उलट थुंकीच्या ओलीनं त्या गंजायच्या, पण हे तव्हा कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच भैताड म्हटलं असतं. स्विचच्या कार्डाला फुंकर मारायची गरज नाही. लहान पोरांनी गिळू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू लेप लावलेला असतो, डेनाटोनियम बेंझोएट. खरंच कडू आहे का ते तपासायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो होतो, संध्याकाळच्या चहाला पण तीच चव होती.