मुलीला पटकथाकार व्हायचंय, मुंबईला पाठवू का?

ताई, नमस्कार.

तुमचं मालवणहून आलेलं पत्र वाचलं. मुलगी बारावी कला शाखेतून पास झाली, तिला सिनेमाच्या पटकथा लिहायच्यात, डोंबिवलीचे दीर म्हणतात, ‘पाठवा इकडे, ओळखी होतील.’ आणि लिहून पोट भरतं का, ही तुमची काळजी.

आत्ता पाठवू नका. पण तिला अडवूही नका.

पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत पटकथालेखन शिकवतात, पण तिथे प्रवेशाला पदवी लागते, शाखा कुठलीही चालते. ती पदवी मालवणातच, स. का. पाटील महाविद्यालयात मिळेल. शिवाय ओळखीने फार तर कुणाची भेट होते. भेटल्यावर समोरचा विचारतो, ‘लिहिलेलं काय आहे?’ तेव्हा हातात पूर्ण पटकथा हवी.

पैशांचं खरं सांगते. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं. कधी एकच माणूस करतो, कधी तिघं. मानधन टप्प्याटप्प्याने येतं: थोडं करार झाल्यावर, थोडं पहिल्या खर्ड्यानंतर, बाकीचं पुढे. सिनेमा मध्येच थांबला की उरलेले पैसेही अडकतात. रोजच्या मालिकांत काम सलग मिळतं, पण पुढचा भाग उद्याच हवा असतो आणि तब्येतीची पार दैना होते. म्हणून सुरुवातीला दुसरी मिळकत हवीच. विजय तेंडुलकरांनीही वृत्तपत्रांत नोकऱ्या केल्या, कितीतरी वर्षं नाटकं लिहिली. सिनेमा त्यानंतर आला.

आणखी एक. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नाही, लिहिलेल्या मजकुराला आहे. तेव्हा गोष्ट तोंडी सांगत फिरू नये. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन लेखन नोंदवता येतं. 2012 च्या कायदादुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्कही पक्का केला आहे. करारावर सही करण्याआधी तिने हे वाचलेलं असावं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ती जत्रेत रात्रभर दशावतार बघत बसते, असं तुम्ही तक्रारीने लिहिलंय. बसू दे, ताई! तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. माणसं कशी बोलतात, कुठे अडतात, कुठे खोटं बोलतात, हे तिच्या कानावर आपोआप बसतंय. मुंबईत वाढलेल्या मुलांना ही शिदोरी मिळत नाही.

पण पडद्यासाठी लिहायचं तर जे दिसतं ते आधी लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी तिला एक काम देते. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जाते तेव्हा तिने तिथे उभं राहावं. मासळी कमी लागलीय, वाटे पडतायत, आणि एकाला आपला वाटा कमी वाटतो. एवढंच. हा प्रसंग तिने एकही संवाद न घालता तीन पानांत लिहावा. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. मग तोच पुन्हा लिहावा, आणि पुन्हा. या धंद्यात लिहिण्यापेक्षा पुनर्लेखन जास्त असतं. तिसऱ्यांदा लिहितानाही ती कंटाळली नाही, तर तिचा हट्ट नुसता हट्ट नाही असं समजा.

ती पानं मला पाठवा, मी वाचून सविस्तर कळवीन. कॉलेजच्या प्रवेशाची तारीख तेवढी चुकवू नका.