तो नाद सोडवू नका

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीत ७८ टक्के होते. ड्रोनला पुढे फार स्कोप आहे म्हणतात. आम्ही ठरवलंय की तिने एरोनॉटिकल इंजिनीअरिंग करावं, लगेच एमबीए, आणि खूप उंचावर उडणाऱ्या मानवरहित विमानांच्या कंपनीत एव्हिऑनिक्स मॅनेजर म्हणून लागावं. हात काळे करायचं काम नको. सध्या घरातले जुने रेडिओ, इन्व्हर्टर खोलून बसते. तो नाद कसा सोडवावा?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : ७८ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही, तुमच्या शेवटच्या वाक्याची वाटली. डिग्री, एमबीए, हुद्दा सगळं तुम्ही ठरवून टाकलंत. तिला काय वाटतं, याची पत्रात एक ओळ नाही. आणि जी एकच गोष्ट तिने आपणहून धरली आहे, नेमकी तीच तुम्हाला सोडवायची आहे!

एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. साठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सात टक्के. बाहेर उणे ५५ अंशांच्या आसपास थंडी, तरी डब्यातली सर्किट्स तापतात, कारण उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवाच नसते. पंखा लावून फारसं भागत नाही. जमिनीवर निमूट चालणारा जास्त व्होल्टेजचा जोड तिथे ठिणग्या टाकू शकतो. हे कोडं कोणाला आवडेल? इन्व्हर्टर का तापतो ते खोलून बघणाऱ्या पोरीला. तेव्हा हात काळे होऊ द्या.

आता 'मॅनेजर'. या कामात मॅनेजर म्हणजे केबिनमध्ये बसून तारखा विचारणारा माणूस, हा समज काढून टाका. नासाचं 'हेलिऑस' हे मानवरहित विमान घ्या. सौरऊर्जेवरचं, पंख साधारण ७५ मीटर, २००१ मध्ये ९६ हजार फुटांच्या वर गेलेलं. रात्रीही उडता यावं म्हणून पुढे त्यावर फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारं यंत्र, चढवला. आधी पंखभर विभागलेलं वजन त्यामुळे मोजक्या ठिकाणी एकवटलं. जून २००३ मध्ये हवाई बेटांजवळ अशांत हवेत ते वरखाली हेलकावू लागलं, हेलकावे वाढत गेले आणि विमान तुटून समुद्रात पडलं. चौकशीत निघालं ते असं : केलेल्या बदलांचा परिणाम जोखायच्या पद्धतीच अपुऱ्या होत्या, म्हणून धोक्याचा अंदाज चुकला. दोष एव्हिऑनिक्सचा नव्हता, पण सिस्टिम्स इंजिनीअरिंग सांभाळणाऱ्याची खरी नोकरी इथेच दिसते. एक डबा बदलला की वजन, वीज, उष्णता, सॉफ्टवेअर यांपैकी कुठेकुठे धक्का बसेल हे विचारायचं, चाचणीत ते दिसेपर्यंत सही अडवून धरायची, आणि वरून दबाव आला तरी हलायचं नाही. हा प्रश्न सुचायला आठ-दहा वर्षं टेस्ट बेंचवर, म्हणजे चाचणीच्या टेबलावर, घालवावी लागतात. पदवीपाठोपाठ केलेल्या एमबीएने तो सुचत नाही.

एरोनॉटिकलचाही हट्ट नको. डोनेशन भरून तर मुळीच नको. या कामाला इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकलची पोरं थेट लागतात. जेईई, एमएचटी-सीईटी, पुढे गेट, हे रस्ते तुम्हाला ठाऊक असतीलच. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेने २०२४ मध्ये अशाच सौर विमानाची छोटी आवृत्ती कर्नाटकातल्या चळ्ळकेरेला उडवली, म्हणजे काम देशातही चालू आहे. ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट मात्र वेगळी गोष्ट. तिथे एरवी ४०० फुटांची मर्यादा असते. कोणी क्लासवाला 'इथूनच एंट्री' म्हणाला, तर चहा पाजून वाटेला लावा.

एक गोष्ट मात्र तिला आजच विचारा. इन्व्हर्टर खोलण्याआधी मेनची पिन आणि बॅटरीची वायर काढते का? आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, डिस्चार्ज करते का? येत नसेल तर परीक्षा झाल्यावर गावातल्या चांगल्या रिपेअरवाल्याकडे महिनाभर बसू द्या. आणि पुढचं पत्र तिनेच मला लिहू दे.