बाटलीवर १६.९ की १७.६?

प्रश्न : अमेरिकेत जाणाऱ्या एका द्रावणाच्या लेबलवर मिलिलिटरसोबत फ्लुइड औंसही छापायचे आहेत. ५०० मिलिलिटरचे एका तक्त्यात १६.९ औंस दिलेत, दुसऱ्यात १७.६. कोणता तक्ता धरू? शिवाय अडीच लिटरच्या कॅनचे गॅलन कसे काढायचे?

उत्तर : तक्ते दोन्ही बरोबर आहेत, पण तुमच्या कामाचा पहिलाच. १७.६ हा ब्रिटिश औंसाचा हिशेब. तो औंस २८.४१ मिलिलिटरचा, अमेरिकेचा २९.५७ चा. गंमत म्हणजे औंस अमेरिकेचा मोठा, गॅलन मात्र ब्रिटनचा! त्यांच्या गॅलनात १६० औंस बसतात, अमेरिकेच्या गॅलनात १२८. इंग्लंडात १७०७ साली ठरलेला २३१ घन इंचांचा वाइन गॅलन अमेरिकेने तसाच चालू ठेवला. ब्रिटनने १८२४ मध्ये तो मोडीत काढून नवा आणला. तेव्हापासून हा घोळ आहे. पण त्या २३१ चा एक फायदा होतो. इंच म्हणजे बरोब्बर २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे तक्ता हाताशी नसला तरी गुणाकार करून ३.७८५ लिटर काढता येतात.

आता तुमचा कॅन. २५०० भागिले २९.५७, म्हणजे ८४.५ औंस. क्वार्ट ३२ औंसांचा, तेव्हा दोन क्वार्टांचे ६४ गेले, उरले साडेवीस. त्यात १६ औंसांचा एक पाइंट, वर साडेचार औंस. गॅलनमध्ये सांगायचं तर ०.६६. आकडा शेवटी एकदाच तोडा. पायरीपायरीला तोडत गेलात तर उत्तर सरकतं. माझं सगळं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, हा आग्रह काही सुटत नाही.

तोंडी हिशेबासाठी मिलिलिटरला ३० ने भागा आणि आलेल्या उत्तरात दीड टक्का मिळवा. ५०० चे १६.६७ येतात, पाव मिळवला की १६.९. लेबलवर छापण्याआधी मात्र कॅल्क्युलेटर घ्या.

आणखी एक. अमेरिकेत वजनाचाही औंस आहे, २८.३५ ग्रॅमचा. बाटली तराजूवर ठेवून औंस वाचू नका. द्रावण पाण्यापेक्षा जड असेल तर आकडा भलताच येईल. लेबलवरही नुसतं ‘औंस’ न छापता ‘फ्लुइड औंस’ असंच छापा.