ठणकते की चुरचुरते?

प्रिय मनू,

रविवारी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलून झाल्यावर तू मला विचारलेस, "आई, आजी शब्दांऐवजी नुसते आवाज का काढते?" गुडघा ठणकतो, टाचेत सणक येते, पायाला झिणझिण्या येतात, एवढेच ती सांगत होती. तुझ्या प्रश्नात खोडी नव्हती हे मला ठाऊक आहे. तरी तो मला लागला आणि "आपल्यात तसेच म्हणतात" असे तुटक उत्तर देऊन मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मी तुझ्याएवढी असताना चिपळूणच्या घरी धडपडून रडत आले की आजी आधी विचारायची, "चुरचुरते की ठणकते?" चुरचुरत असेल तर कातडी सोलली आहे, हळद पुरे, ठणकत असेल तर मार आत लागला आहे, शेक हवा, आणि गळू ठसठसू लागले की गव्हाच्या पिठाचे पोटीस. डोळे मिटून दुखऱ्या जागेकडे लक्ष द्यायचे आणि तिला कोणता शब्द जुळतो ते शोधायचे, हे मी तेव्हा शिकले. इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये दुखण्याला दहापैकी किती असे विचारतात, तेव्हाही मी मनात आधी ठणकते की चुरचुरते हेच ठरवते.

हे आवाज आहेत हे तुझे म्हणणे अर्धे खरे आहे. आमच्या व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणत. फोडणीत मोहरी तडतडते, कौलांवरून पागोळ्या टपटपतात, तिथे नक्कल उघड आहे. पण गुडघ्याला कुठे आवाज असतो? चांदणी लुकलुकते, दिवा मिणमिणतो, तेव्हा कानाला काहीच ऐकू येत नाही. तरीही 'मिणमिण' म्हणताना ओठ मिटतात, आवाज नाकात शिरतो आणि मला ज्योत बारीक झालेली दिसते.

हे मला केवळ सवयीने वाटते का, असा प्रश्न मलाही पडतो. आजोळचा कोंबडा 'कुकूच कू' करतो आणि तुझ्या शाळेतला 'किकेरिकी'. मात्र तुला आठवत असेल, मी कागदावर एक टोकदार आणि एक गोलसर आकृती काढून यातली बूबा कोणती आणि किकी कोणती असे विचारले होते. तू क्षणभरही न थांबता टोकदार आकृतीला किकी म्हणालीस. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 2001 मध्ये या जोडीविषयी लिहिले, आणि पुढे 25 भाषांच्या लोकांना हेच विचारले गेले, तेव्हा बहुतेकांनी, सगळ्यांनी नव्हे, तुझ्यासारखेच उत्तर दिले. म्हणजे आवाज आणि अर्थ यांच्यात धागा आहे, पण सैल. तो घट्ट असता तर 'ठणकणे' तुला न शिकवता कळले असते. तू पडलीस तेव्हा मी घाईने पट्टी चिकटवली. चुरचुरते की ठणकते हे कधी विचारलेच नाही.

तू हे शब्द वापरलेच पाहिजेत असा माझा आग्रह नाही. पण गेल्या हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून चालताना बुटांखालच्या आवाजाला तू आपणहून 'कर्रकुच' म्हणालीस. चिपळूणला बर्फ नसतो, त्यामुळे आजीजवळ त्यासाठी शब्द नाही. तिला तुझा सांगू का?

तुझी,
आई