बौद्ध धर्म कसा सुरू झाला, बुद्धांनी काय शिकवलं आणि हीनयान, महायान, वज्रयान यांतला ‘खरा’ कोणता?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण गोंधळ तिथेच आहे. ‘हीनयान’ हे नाव कुठल्याही बौद्धाने स्वतःसाठी घेतलेलं नाही. महायानींनी जुन्या पंथांना हिणवून ते दिलं आणि पुढे ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. शाळेत मीही ‘दोन पंथ : हीनयान व महायान’ असं घोकून दोन मार्क मिळवले होते. त्या जुन्या पंथांपैकी आज एकच जिवंत आहे, थेरवाद. त्याला थेरवादच म्हणावं.

आता मुळाशी जाऊ. सिद्धार्थ गौतम शाक्यांचे, कपिलवस्तूचे. जन्म लुंबिनीचा, म्हणजे आजच्या नेपाळातला. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी सम्राट अशोक स्वतः तिथे गेला आणि त्याने दगडी खांब उभारला. त्यावर ब्राह्मी लिपीत ‘हिद बुधे जाते सक्यमुनीति’ असं कोरलंय : इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. पुढे बुद्धांच्या जन्मगावाचा सारा कमी केल्याचंही त्याने नोंदवलंय. मला तो लेख फार आवडतो. भक्ती आणि महसूल एकाच खांबावर! काळाबद्दल बोलायचं तर पुस्तकांत इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा दिलेला असतो, पण आज बरेच अभ्यासक महापरिनिर्वाण, म्हणजे बुद्धांचा मृत्यू, इ.स.पू. ४०० च्या आसपास नेतात.

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्यं पाहून ते रात्री गुपचूप निघाले, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. पण पाली ग्रंथांतल्या अरियपरियेसन सुत्तात, म्हणजे एका उपदेशात, बुद्ध स्वतः सांगतात ते वेगळंच आहे : आईवडील रडत असताना केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रं घातली आणि घर सोडलं. यात ना रात्र आहे, ना घोडा. मला हा साधा प्रसंग जास्त जड वाटतो. वय २९. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकले, मग देहदंड करून हाडं वर येईपर्यंत स्वतःला सुकवलं. दोन्हींनी काम होईना, तेव्हा मधला मार्ग धरला. ३५ व्या वर्षी बोधगयेला ज्ञानप्राप्ती, सारनाथला पाच जुन्या सोबत्यांपुढे पहिलं प्रवचन, पुढची ४५ वर्षं पायी फिरणं आणि ८० व्या वर्षी कुशीनगरला अखेर.

सारनाथला सांगितलं काय? दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं आणि थांबवण्याचा आठ अंगांचा मार्ग आहे. यावरून ‘बौद्ध धर्म निराशावादी’ असा शेरा मारणारे बरेच भेटतात. त्यांनी पहिलं वाक्य वाचून पुस्तक मिटलेलं असतं. इथलं दुःख म्हणजे नुसतं रडू नव्हे. आवडलेली गोष्ट हातात राहत नाही, ही बोचणीही त्यात आली. कारण म्हणजे तृष्णा. मार्गात योग्य दृष्टी, वाणी, उपजीविका, स्मृती, समाधी वगैरे येतं. यादी कुठेही मिळेल, म्हणून इथे उतरवत नाही.

खरी अडचण ‘अनात्म’ कळण्यात येते. कायमचा, न बदलणारा आत्मा नाही, असं बुद्ध म्हणतात. मग पुनर्जन्म कोणाचा? ग्रीक राजा मिलिंदालाही हाच प्रश्न पडला होता. भिक्खू नागसेनांनी त्याला विचारलं, महाराज, आपण कशाने आलात? रथाने. मग आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू, दोर, चौकट? तेही नाही. हे सगळं सोडून वेगळा रथ आहे का? नाही. मग रथ कुठे आहे? राजाला म्हणावं लागलं, या सगळ्या भागांच्या जुळणीला रथ म्हणायचं. नागसेन म्हणाले, माझ्या नावाचंही तसंच. आणि पुनर्जन्म? एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्या दिव्यातून काही उचलून दुसऱ्यात ठेवलं का? तरी दुसरा पेटतोच. मला अनात्म समजलं ते या संवादामुळे. त्याआधी वाचलेल्या व्याख्या डोक्यावरून गेल्या होत्या.

जग अनादि आहे की नाही, असल्या प्रश्नांना बुद्धांनी उत्तरच दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस ‘आधी मारणाऱ्याची जात सांगा, धनुष्य कुठलं ते सांगा’ म्हणत बसला तर तेवढ्यात मरेल, असं त्यांनी मालुंक्यपुत्त या भिक्खूला सुनावलं.

आता फुटीकडे. लोकांना वाटतं की मोठ्या तत्त्वज्ञानावरून भांडण झालं असेल. परंपरा सांगते की निर्वाणानंतर शंभरेक वर्षांनी वैशालीला संगीती, म्हणजे भिक्खूंची सभा, भरली, ती दहा मुद्द्यांवर. त्यातला एक होता, भिक्खूने शिंगात मीठ साठवून ठेवावं का! दुसरा, सोनं-चांदी घ्यावी का. हसू येतं खरं, पण ज्याने काहीच साठवायचं नाही त्याने मीठ साठवलं तर उद्या काय साठवेल, हा प्रश्न खोटा नाही. पुढे स्थविरवादी आणि महासांघिक असे दोन तट पडले आणि त्यांतून परंपरेने मोजलेले अठरा पंथ.

थेरवाद अशोकाच्या काळी भिक्खू महेंद्राबरोबर श्रीलंकेत गेला आणि तिथेच इ.स.पू. पहिल्या शतकात पाली त्रिपिटक, म्हणजे त्यांचे मूळ धर्मग्रंथ, लेखी झालं. आज तो श्रीलंका, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, लाओस इथे आहे. आपल्याकडची विपश्यनाही याच घरची : म्यानमारात ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेले गोएंका गुरुजी १९६९ साली ती भारतात घेऊन आले.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास महायान पुढे आलं. त्याचा आग्रह असा की एकट्याने अर्हत (तृष्णा संपवून मुक्त झालेला) होऊन सुटण्यापेक्षा सगळ्यांना सोडवण्यासाठी बुद्ध होण्याचं ध्येय धरा, तो बोधिसत्त्व. नागार्जुनांचा शून्यवाद (कशालाच स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नाही) आणि असंग-वसुबंधूंचा विज्ञानवाद (दिसतं ते सगळं चित्तातलंच) इथले. हा बदल डोळ्यांनी पाहायचा तर अजिंठ्याला जा. १० क्रमांकाच्या जुन्या चैत्यगृहात (प्रार्थनेच्या लेण्यात) स्तूप साधा, त्यावर बुद्धमूर्ती नाही. १९ आणि २६ मध्ये त्याच स्तूपाच्या पुढच्या अंगाला बुद्ध कोरलेत, एकात उभे, दुसऱ्यात बसलेले. चीनमध्ये ‘ध्यान’ शब्दाचं ‘चान’ झालं, जपानात ‘झेन’. अमिताभ बुद्धाच्या नामस्मरणाचा पंथही महायानातलाच. आपल्या नामसंकीर्तनवाल्यांना तो पटकन जवळचा वाटेल.

वज्रयान महायानाच्याच पोटातलं : मंत्र, मंडल, गुरुदीक्षा. विक्रमशिलेचे अतीश अकराव्या शतकात तिबेटात गेले. दलाई लामांचा गेलुग हा तिथल्या चार मुख्य संप्रदायांपैकी एक.

शेवटी जी शाखा तुमच्या प्रश्नात नाही पण असायला हवी होती, ती म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं नवयान. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञांसह ती स्वतः दिली. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही त्यातलीच एक. चार दृश्यांची कथा त्यांनी नाकारली. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या तंट्यात युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थ घर सोडतात. चार आर्यसत्यं मूळची की नंतर घातलेली, हा प्रश्नही त्यांनी विचारला. थेरवादी भिक्खूंना हे पचायला जड जातं. पण त्याच थेरवादी भिक्खूंबरोबर दीक्षाभूमीवर ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं जातं, तेही पालीतच.

म्हणून ‘खरा कोणता’ याला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. वाचायला सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर मिलिंद-नागसेनांच्या संवादांचा ग्रंथ मिलिंदपञ्ह घ्या आणि रथाच्या संवादापासून सुरू करा.