दोन फुटी टँकमध्ये कोणत्या माशाला कोणासोबत ठेवायचं?

क्रॉफर्ड मार्केटला जायच्या आधी यादी लिहून घे. तिथल्या माशांच्या पिशव्या बघून भलभल्यांचा तोल जातो.

तुझा टँक २ फूट बाय १ बाय १, म्हणजे भरून जेमतेम ५५ लिटर. गोल्डफिशला इथूनच रामराम. त्याला थंड पाणी लागतं, टेट्रा-गप्पी या छोट्या माशांना उबदार. शिवाय तो घाणही भरपूर करतो. मुंबईत मे महिन्यात टँकचं पाणी सहज ३० अंशांवर जातं, त्यामुळे निऑन टेट्राऐवजी कार्डिनल टेट्रा घे. उष्णता तो जास्त सोसतो. सहा-आठ तरी हवेत, एकटादुकटा बिचारा कोपऱ्यात दडून बसतो. तळाला सहा कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे), आणि खाली बारीक गुळगुळीत वाळू; धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. बस, एवढ्यात टँक भरला.

एंजल आत्ता रुपयाएवढा दिसतो, पण मोठा झाला की टेट्रा गिळतो. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. दोन नर फायटर एकत्र? अजिबात नाही. आणि दुकानदार ‘शार्क’ म्हणून जो चकचकीत मासा गळ्यात मारतात, तो पंगासियस. मोठेपणी मीटरभर लांब. त्याला काय बाथटबमध्ये ठेवणार? ‘काच साफ करतो’ म्हणून देतात तो सकरही फूटभर वाढतो, तोही नको.

सगळे एकदम सोडू नकोस. फिल्टर महिनाभर चालवून, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात तयार होणारी, माशांना विषारी द्रव्यं) शून्य आल्यावर आधी टेट्रा, दोन आठवड्यांनी कोरीडोरास. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन मात्र दरवेळी.